तीन पाळ्यांचे घर

परळच्या केईएम रुग्णालयात चार नंबरच्या वॉर्डाला लागून एक लहानशी खोली होती. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांचे आयुष्य त्या वॉर्डात गेले. २७ नोव्हेंबर १९७३ चा हल्ला, पुढचा खटला, दयामरणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने आलेला मृत्यू, हे सगळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले ते मुख्यतः गुन्ह्याविषयी आणि मरणाच्या हक्काविषयी. पण मधल्या चार दशकांत त्यांना भरवले कोणी, कूस कोणी बदलली, अंग कोणी पुसले? उत्तर साधे आहे. सकाळपाळीच्या परिचारिकेने, मग दुपारपाळीच्या, मग रात्रपाळीच्या. ज्यांनी त्यांना सहकारी म्हणून पाहिले होते त्या एकेक करून निवृत्त झाल्या. त्या घटनेच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली नोकरीला लागल्या आणि त्याच खोलीत आपली पाळी करू लागल्या. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही त्यांच्या पाठीला जखम झाली नाही, याची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

या सेवेला आपण ममता म्हटले. ममता होतीच. पण त्या ममतेला वेळापत्रक होते, आठ तासांनी ती दुसऱ्याच्या हाती सोपवता येत होती. रात्रपाळी संपवून परिचारिका घरी जाऊन झोपत असे. मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या घरात नेमकी हीच सोय नसते. तिथे तिन्ही पाळ्या एकच माणूस करतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे बायको, आई किंवा सून असते. मेंदूच्या इजेबद्दल जागृती हवी असे आपण म्हणतो तेव्हा जाग यायला हवी ती या गोष्टीची.

आधी इजेचे स्वरूप समजून घेऊ. आपल्याकडे ‘डोक्याला मार लागला’ या एकाच वाक्यात सगळे बसवतात; टाके पडले ते आणि महिनाभर शुद्ध नव्हती तेही. उलट जिथे डोक्याला मार लागलेलाच नाही तिथे मेंदूला इजा झाली असेल हे कुणाच्या लक्षात येत नाही. शानबाग यांचा गळा आवळला गेला होता. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि नुकसान झाले ते त्याने. विहिरीतून बाहेर काढलेला मुलगा, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला गृहस्थ, मेंदूज्वरातून उठलेली मुलगी, पक्षाघात झालेले आजोबा, हे सगळे एकाच पंगतीतले. प्राणवायूविना मेंदू तग धरतो तो मोजक्या मिनिटांपुरता.

मार लागतो तेव्हा आत काय होते? मेंदूचे वजन सुमारे १ किलो ४०० ग्रॅम आणि घडण खरवसासारखी मऊ. तो कवटीत एका पातळ द्रवात असतो. दुचाकी ताशी पन्नासच्या वेगाने जाऊन आदळते तेव्हा गाडी थांबते, कवटी थांबते, मेंदू मात्र आतल्या आत पुढे जाऊन आपटतो आणि मागे येऊन पुन्हा आपटतो. कपाळामागचा कवटीचा तळ खडबडीत आहे. त्यावर मेंदूचा पुढचा भाग घासला जातो. शिवाय मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे तंतू ताणले जातात, पिळवटतात, काही तुटतात. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की सीटी स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. म्हणूनच ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून आनंदाने घरी आणलेला माणूस आठवडाभरात वेगळाच वागू लागतो आणि घरचे चक्रावतात.

कपाळामागचा तो भाग करतो तरी काय? तो आवर घालतो. तोंडावर आलेला शब्द गिळायला लावतो, हातातले काम संपेपर्यंत उठू देत नाही, उद्या हप्ता भरायचा आहे याची आज आठवण करून देतो. त्याला धक्का बसला की माणसाला चालता येते, बोलता येते, जुन्या लग्नातली गंमत तपशिलासह सांगता येते. पण दूध गॅसवर ठेवले आहे हे ध्यानात राहत नाही. शांत माणूस ताट भिरकावतो. बोलका माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहतो, आणि लोक म्हणतात आळशी झाला. वडीलधाऱ्यांपुढे अपशब्द न काढणारा चारचौघांत नको ते बोलून जातो. यातली सर्वांत अवघड गोष्ट अशी की अनेकदा त्याला स्वतःला हे जाणवत नाही. ‘मला काय झालंय? मी बरा आहे,’ असे तो म्हणतो ते खोटे नसते. स्वतःतले उणेपण ओळखण्याचे कामही मेंदूचाच एक भाग करतो, आणि इजा तिथेच झालेली असते.

अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना दोन दिवसांत एक आकडा पाठ होतो: जीसीएस. ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजपट्टी मांडली. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो काय, सांगितल्यावर हालचाल करतो का, यावरून ३ ते १५ गुण. ‘काल सहा होता, आज आठ आहे,’ असे फोनवरून गावाला कळवले जाते. पंधरा झाला की पेढे वाटतात. पण पंधराचा अर्थ एवढाच की तो आपणहून डोळे उघडतो, आपण कुठे आहोत हे सांगतो आणि हात वर कर म्हटल्यावर हात वर करतो. भाजीच्या गाडीवर पाचशेची नोट घेऊन चारशे वीस परत देणे त्या पट्टीत मोजलेले नाही. रिक्षाचे मीटर, शेताच्या पाण्याची वेळ, मुलाच्या शाळेची फी, बायकोचा वाढदिवस, यांतले काहीच मोजलेले नाही. रुग्णालयाचे काम जिथे पूर्ण होते तिथे घराचे काम सुरू होते, आणि या दोन कामांना जोडणारा कागद म्हणजे डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी: औषधे चालू ठेवणे, पंधरा दिवसांनी दाखवणे.

आता ते घर पाहा. आतली सूज वाढली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढलेला आहे. तो पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवला आहे, काही महिन्यांनी परत बसवतील. ‘हाड पोटात ठेवलंय’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थरकाप होतो. ज्या घरांनी ते अनुभवले आहे तिथे ते रोजच्या बोलण्यातले होऊन जाते. डोक्याची ती बाजू मऊ आहे, त्यावर झोपू द्यायचे नाही. नाकातल्या नळीतून दर दोन-तीन तासांनी पातळ खाणे. कूस बदलणे. डायपर. दुपारी फिजिओथेरपिस्ट आला तर त्याचे पैसे, नाही आला तर तेच व्यायाम आपल्या हाताने. रात्री तो तीनदा उठून दाराकडे जातो, म्हणून दाराला आतून कुलूप. बँकेतले पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात आहेत आणि त्याची सही आता जुळत नाही.

पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. शहाळी, सफरचंदे, थर्मासमधला चहा. येणारा प्रत्येक जण पलंगाशी वाकून एकच प्रश्न विचारतो: ‘काय रे, ओळखलंस का? सांग बरं मी कोण?’ बिचाऱ्याची दिवसातून वीस वेळा तोंडी परीक्षा. उत्तर आले तर टाळ्या, नाही आले तर त्याच्याच देखत डोळ्याला पदर. सहा महिन्यांनी हे परीक्षकही येईनासे होतात. मित्रांचा फोन कमी होतो, कारण तो तेच तेच बोलतो किंवा मध्येच चिडतो. घरातली बाई लग्नकार्याला जाणे सोडते, कारण त्याला नेता येत नाही आणि ठेवता येत नाही. मग कुणीतरी बाहेरच्या बाधेची शंका काढते, कुणी नवस सुचवते, कुणी सांगते की इतके केलेस, आता देवावर सोड.

त्या सहा महिन्यांबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथेच दूर केलेला बरा. सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांत, पुढे नाही, असे सर्रास सांगितले जाते. पहिल्या महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो हे खरे. पण वेग मंदावणे वेगळे आणि वाट बंद होणे वेगळे. सुटलेल्या कामासाठी मेंदू दुसरे तंतू वापरायला शिकतो. त्याला वर्षे लागतात आणि सराव लागतो. सराव म्हणजे काय तर तीच कृती, त्याच वेळी, त्याच जागी, शेकडो वेळा. हे यंत्र करत नाही. शेजारी माणूस बसावा लागतो.

तातडीच्या उपचारांत महाराष्ट्राने आणि देशाने काही पावले खरोखरच टाकली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियमांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी रोखरहित उपचारांची केंद्राची योजना लागू झाली: दीड लाख रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त सात दिवस. योजना चांगली आहे. हे सात दिवस जीव वाचवणारे आहेत. पण मेंदूच्या इजेचे काम आठव्या दिवसापासून वाढत जाते, आणि त्या दिवसासाठी कुठल्याही तक्त्यात नाव लिहिलेले नाही.

आकड्यांतही हीच रिकामी जागा दिसते. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, आणि त्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. जखमी ४,४३,३६६. या सव्वाचार लाखांहून अधिक जखमींपैकी किती जण पूर्वीचे राहिले नाहीत, याचा रकाना त्या अहवालात नाही. ज्याचा पाय तुटला तो ‘गंभीर जखमी’ आणि जो दोन मिनिटे बेशुद्ध पडून उठला, घरी गेला आणि पुढे वर्षभर हिशेब चुकत राहिला, तो ‘किरकोळ जखमी’.

अपंगत्वाच्या कायद्याचीही तीच गत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, हे मोठे पाऊल होते. मेंदूच्या इजेमुळे वाचा जाते त्याला वाचाघात म्हणतात. वाचा व भाषा दोषाच्या व्याख्येत वाचाघाताचे नाव आहे. पार्किन्सन्स आहे. मेंदूची इजा या नावाचा स्वतंत्र प्रकार मात्र त्यांत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी गेलेल्या माणसाचे तुकडे करावे लागतात. लुळा हात एका खान्यात, बोलणे दुसऱ्या खान्यात. ज्याचे हातपाय आणि बोलणे शाबूत आहे पण स्मरण आणि आवर गेला आहे, त्याला चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला कुठला खाना लागू करायचा? तपासणीच्या टेबलापाशी तो पंधरा मिनिटे नीट बोलतो. समोरच्या डॉक्टरांना धडधाकट माणूस दिसतो. सोबत आलेली बायको खोटे बोलते आहे असे वाटण्याइतपत तो धडधाकट दिसतो.

बेशुद्धावस्थेतल्या किंवा निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढ नवऱ्याच्या खात्यातले पैसे त्याच्याच उपचारांसाठी काढायचे तर कुटुंबांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावे लागले आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची सोपी रीत आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. अपघातात शुद्ध हरपलेला कमावता माणूस तिच्यात सहजी बसत नाही. गडचिरोलीतल्या किंवा चंदगडमधल्या बाईने उच्च न्यायालय गाठायचे, तेही घरी रुग्णाजवळ कुणाला तरी बसवून, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा तो प्रवास करून पाहावा.

न्यायालयाने मात्र एकदा हा हिशेब नीट मांडला आहे. अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या हरियाणातल्या एका मुलीच्या भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयासमोर होता. निकाल फेब्रुवारी २०२० चा. सांभाळणाऱ्याचा खर्च धरताना न्यायालयाने पाहिले की या मुलीला दिवसरात्र माणूस लागणार आणि एक माणूस चोवीस तास काम करू शकत नाही. म्हणून दोन मदतनीस धरले, प्रत्येकी दरमहा पाच हजार. पाच हजारांत मदतनीस कुठे मिळतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. परंतु रकमेपेक्षा महत्त्वाचे ते दोन. घरातल्या बाईच्या चोवीस तासांचे दोन पाळ्यांत भाग पाडून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रुपयांत मोजले. आपल्या घराघरांत हा भाग अजून पडलेला नाही.

पुन्हा केईएमकडे वळू, कारण या गोष्टीचे दुसरे टोकही तिथेच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्ये भारतातले पहिले ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात आणि हे नाव घोटाळ्याचे आहे, ऐकणाऱ्याला धंदा आठवतो. ‘ओटी’ म्हणावे तर ऑपरेशन थिएटर आठवते. प्रत्यक्षात हे शास्त्र आहे रोजच्या जगण्याचे. शर्टाची बटणे एका हाताने कशी लावायची, चहाच्या पायऱ्या भिंतीवर चित्रांत कशा लावायच्या, बाजारात जाताना यादी कशी करायची, थकवा यायच्या आधी कसे थांबायचे. फिजिओथेरपी पाय चालवते. त्या पायांनी कुठे जायचे आणि तिथे काय करायचे ते हे शास्त्र शिकवते. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे पाया घातला गेला तो इथे, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी. तालुक्याच्या गावात आज फिजिओथेरपीचा फलक दिसतो, व्यवसायोपचाराचा क्वचितच. वाचाउपचाराचे तर विचारूच नका.

तज्ज्ञ पुरेसे होतील तेव्हा होतील. तोवर आणि त्यानंतरही जे लागेल ते म्हणजे माणसांचा वेळ. हे भाबडे बोलणे नाही, असे घडलेले आहे. केरळात मलप्पुरम-कोळिकोडच्या परिसरात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. स्वयंसेवकाने आठवड्यातून किमान दोन तास द्यायचे, थोडे शिक्षण घ्यायचे, पाठीशी परिचारिका आणि डॉक्टर. कर्करोगापुरते न राहता हे काम दीर्घकाळ पडून असलेल्या सगळ्यांपर्यंत गेले, २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि ग्रामपंचायती त्यात आल्या. आठवड्यातून दोन तास! म्हणजे एक छोटी पाळी.

महाराष्ट्रालाही हे परके नाही. व्यसनी माणसांच्या घरच्यांनी एकत्र बसायचे असते हे पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून शिकवले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आप्त पुण्यात एकत्र आले ते मूळ धुळ्याच्या आणि कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींच्या पुढाकाराने. त्यांच्या स्वतःच्या घरात तो आजार होता. पार्किन्सन्सचे मित्रमंडळही पुण्यात आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ज्याच्या घरी आहे त्यालाच कळते, म्हणून त्यांनी एकमेकांना धरले. मेंदूच्या इजेबाबत ब्रिटनमध्ये ‘हेडवे’ ही संस्था १९७९ मध्ये अशीच निघाली. आपल्याकडे जोधपूरचे गजसिंह यांच्या मुलाला २००५ मध्ये पोलो खेळताना इजा झाली, तेव्हा राजघराण्यालाही पुढचा रस्ता शोधावा लागला, आणि त्यातून २००७ मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन उभे राहिले. हेडवेने २०१७ पासून इजाग्रस्तांना एक ओळखपत्र द्यायला सुरुवात केली, कारण अडखळत चालणाऱ्या, शब्द चुकणाऱ्या माणसाला पोलिस दारुडा समजत. हे कार्ड मराठीत छापायला कुठल्या संशोधनाची गरज नाही. एसटीचा वाहक, बँकेचा कारकून, रेल्वेचा पोलिस, यांच्यासमोर धरायला दोन ओळी पुरेत: मला मेंदूची इजा आहे, सावकाश बोला, अडचण आली तर या नंबरावर फोन करा.

गावागावांत जे आधीच आहे तेही कमी नाही. ज्याला वाचाघातामुळे स्वतःचे नावही सांगता येत नाही असा माणूस आरती सुरू झाली की शब्दांसकट म्हणू लागतो, हे पाहून घरचे चमत्कार समजतात. चमत्कार नाही, पाठ झालेले आणि सुरात बसलेले शब्द मेंदूत बोलण्याच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत. सुरांच्या आधाराने बोलणे परत आणण्याची रीत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. आपल्याकडे भजनी मंडळ दर गुरुवारी जमतेच. त्यात एक खुर्ची जास्तीची ठेवायची. त्याला टाळ द्यायचा. ताल चुकला तर कुणी मान वळवून पाहायचे नाही, एवढाच नियम.

मालकांनाही थोडे सांगितले पाहिजे. कामावर परतलेला माणूस चार तास उत्तम काम करतो आणि पाचव्या तासाला चुका करतो, तेव्हा तो कामचुकार नसतो. इजा झालेला मेंदू तेवढ्याच कामाला दुप्पट दमतो. अर्धा दिवस, एका वेळी एक काम, सूचना लिहून, गोंगाटापासून दूर टेबल. इतक्यावर नोकऱ्या टिकू शकतात. एकदम आठ तासांना बसवले की महिन्यात राजीनामा.

काही गोष्टी भराभर सांगून टाकू. अपघातात पडलेल्याला पाणी पाजू नका, मान वाकवून रिक्षात कोंबू नका. मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, यांतले काही दिसले तर ‘झोपू द्या, सकाळी बघू’ म्हणू नका. फिट आल्यास कांदा आणि चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. आणि न्हाणीघरात घसरलेल्या आजीकडे लक्ष ठेवा. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, कवटीशी जोडलेल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल तर किरकोळ टपलीनेही आत रक्त हळूहळू साचते. दोन-चार आठवड्यांनी आजी विसरू लागते, चालताना एका बाजूला झुकते, आणि आपण म्हणतो म्हातारचळ लागला. त्यांतल्या कित्येक आज्या लहानशा शस्त्रक्रियेने पूर्ववत होतात.

हेल्मेटचा विषय टाळता येणार नाही, जरी पुण्यात तो काढणे म्हणजे भांडण विकत घेणे. जानेवारी २०१९ मध्ये तिथे सक्ती झाली तेव्हा मोर्चे निघाले, कृती समिती तर त्याआधीपासूनच होती. मान दुखते, केस गळतात, शहरात वेग कुठे असतो, ही कारणे तीच. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून मेंदूच्या इजेने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स त्या मृत्यूने अस्वस्थ झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी लष्करी मोटरसायकलस्वारांच्या हेल्मेटचा अभ्यास छापला. वाद मिटायला तेवढे पुरे होते. आपला कायदा चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगतो, म्हणजे मागे एका बाजूला बसलेल्या, साडीचा पदर सावरणाऱ्या बाईलाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बायको-मूल उघड्या डोक्याने, हे दृश्य रोजचे आहे. तिला इजा झाली तर त्या घरातल्या तीन पाळ्या कोण करणार, हा प्रश्न निदान त्याने आपल्यापुरता सोडवून ठेवावा.

सरकारकडून मागायचे ते वर दाखवलेल्या उणिवांतून स्पष्टच आहे: इजाग्रस्तांची नोंद, प्रमाणपत्रात स्वतंत्र प्रकार, पालकत्वाची जिल्हा पातळीवरची सोय, जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचार आणि वाचाउपचाराची पदे. ही मागणी रेटायला हवी. पण आपल्या इमारतीत, आळीत, वस्तीवर असे एक घर असेल तर त्यासाठी अध्यादेश लागत नाही. बुधवारी दुपारी दोन ते चार त्याच्याजवळ बसा. त्या दोन तासांत ती बँकेत जाईल, किंवा दार लोटून नुसती झोपेल. दोघा-चौघांनी वार वाटून घेतले तर फ्रीजवर एक तक्ता चिकटवा, म्हणजे कोण येणार हे त्यालाही वाचता येईल. आणि गेल्यावर त्याला ओळख विचारू नका. आपणच सांगा: मी वरच्या मजल्यावरचा जोशी, आज बुधवार आहे, पाऊस थांबलाय, चल, पत्त्यांचा एक डाव टाकू.